खरी कमाई (शालेय उपक्रम)

'खरी कमाई' हा भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संघटनेच्या कार्यक्रमातील एक उपक्रम आहे. शाळकरी मुलामुलींनी स्वतःच्या श्रमाने एखादे उपयुक्त काम करावे, त्याचा मोबदला स्वीकारावा, हिशेब ठेवावा आणि त्या पैशाचा विनियोग विचारपूर्वक करावा, असे त्याचे स्वरूप असते. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या व खाजगी शाळांतून तो राबवला जातो. स्काऊट-गाईड पथक नसलेल्या काही शाळाही याच नावाने असा उपक्रम घेतात. प्रस्तुत लेखात या उपक्रमाचा विचार मुख्यतः भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे. धानशेती, तलाव, जंगल आणि बिडी व्यवसाय यांवर जगणाऱ्या या जिल्ह्यात मुलांचे हात पूर्वापार कामाला लागत आलेले असल्यामुळे, संस्कार म्हणून केलेले काम आणि गरजेपोटी करावी लागणारी मजुरी यांतील सीमारेषा येथे विशेष महत्त्वाची ठरते.

नावाचा अर्थ

मराठीत 'कमाई' हा शब्द पैशापुरता मर्यादित नाही. नाव, विद्या आणि पुण्य हीदेखील कमाईच मानली जाते. 'खरी' या विशेषणाने ती कमाई 'वरकमाई'पासून, म्हणजे आडमार्गाने मिळालेल्या पैशापासून, वेगळी होते. त्याचप्रमाणे पाहुण्यांनी जाताना हातावर ठेवलेले खाऊचे पैसे, घरोघर फिरून मागितलेली वर्गणी आणि दान यांपासूनही ती वेगळी आहे. हे पैसे मिळतात, पण कमावलेले नसतात. स्काऊटच्या नियमांत काटकसरीचा नियम आहे. काटकसरीला अर्थ येतो तो पैशामागील श्रम ठाऊक असल्यावरच, ही या उपक्रमामागील भूमिका आहे.

उगम

रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर घेतलेल्या शिबिरातून स्काऊट चळवळीचा प्रारंभ झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली, ब्रिटनमधील स्काऊटांनी ईस्टरच्या सुटीत 'बॉब-अ-जॉब' नावाचा आठवडा सुरू केला. 'बॉब' हे शिलिंग या नाण्याचे बोलीतील नाव. एका कामाला एक शिलिंग, असा त्याचा अर्थ होता. मुले शेजारीपाजारी जाऊन घरापुढील हिरवळ कापत, मोटारी धूत, बुटांना पॉलिश करत आणि मिळालेली रक्कम आपल्या पथकाच्या निधीत जमा करत. पुढे मुलांच्या सुरक्षिततेविषयीची काळजी वाढली आणि १९९०च्या दशकात हा आठवडा मागे पडला.

भारतात ७ नोव्हेंबर १९५० रोजी तत्कालीन स्काऊट संघटनांच्या एकत्रीकरणातून भारत स्काऊट्स आणि गाईड्सची स्थापना झाली. १९५१ साली गाईड संघटनाही तीत सामील झाली. 'खरी कमाई' हा बॉब-अ-जॉबच्याच धर्तीवरील उपक्रम होय.

श्रमातून शिक्षण हा विचार मात्र महाराष्ट्राला नवा नव्हता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत 'कमवा आणि शिका' हे तत्त्व रुजले. गरीब विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या दयेवर न शिकता स्वतःच्या श्रमावर शिकावे, असा त्यामागील आग्रह होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये विदर्भातच, वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाचे केंद्र मानणारी 'नई तालीम' मांडली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शालेय शिक्षणात कार्यानुभवाची शिफारस केली. खरी कमाई हा उपक्रम या विचारपरंपरेशी जुळणारा असल्याने येथील शाळांना तो परका वाटला नाही.

भंडारा जिल्ह्यातील कामे

इंग्लंडमधील मुलाने कापलेली हिरवळ भंडारा जिल्ह्यातील घरांपुढे सहसा नसते. तिच्या जागी येथे धुऱ्यावरचे गवत असते. धानाच्या बांध्यांना वेढणाऱ्या धुऱ्यांवर पावसाळ्यात गवत दाट वाढते. ते विळ्याने कापून त्याचा भारा बांधणे हे शेतकरी घरातील मुलांच्या नित्य परिचयाचे काम आहे. हिरवळ शोभेसाठी कापली जाते आणि कापलेले गवत टाकून दिले जाते. धुऱ्यावरचे गवत मात्र जनावरांचा चारा असते. त्यामुळे या कामाचे मोल मुलाला समजावून सांगावे लागत नाही.

शालेय उपक्रमासाठी विळ्यासारखी धारदार अवजारे टाळून हलकी कामे निवडली जातात. परसबागेतील तण उपटणे, झाडांना पाणी घालणे, आवार झाडणे, दुकानातील सामान लावणे, सायकली पुसणे, जुन्या कागदाच्या पिशव्या व पाकिटे करणे, राख्या, शुभेच्छापत्रे किंवा रंगवलेल्या पणत्या तयार करून विकणे, ही त्यांतील काही कामे. ओळखीच्या घरी जाणे, एकट्याने न जाता जोडीने अथवा गटाने जाणे, पालकांची संमती घेणे आणि काम झाल्यावरच मोबदला स्वीकारणे, ही त्यासाठीची पथ्ये होत. किती मिळाले यापेक्षा काम नीट झाले की नाही, हे शिक्षकाने आधी पाहावे अशी अपेक्षा असते.

घरकाम आणि मोबदल्याचे काम

स्वतःच्या घरातील कामाचे पैसे मुलांना द्यावेत का, याबाबत दोन मते आढळतात. एका मतानुसार पाणी भरणे, अंगण झाडणे, गोठा साफ करणे ही कामे घराचा घटक म्हणून प्रत्येकाने करायची असतात. त्यांना दर लावला की मूल प्रत्येक गोष्टीची किंमत विचारू लागते. दुसऱ्या मतानुसार, थोडी रक्कम नियमितपणे हाती आल्याशिवाय मुलाला खर्च, बचत आणि निवड यांचा सराव मिळत नाही. यावर मध्यम मार्ग असा सुचवला जातो, की नित्याचे काम कर्तव्य म्हणून करावे आणि नेहमीच्या वाट्यापलीकडील विशेष कामाला मोबदला असावा.

या चर्चेत मुलींचा प्रश्न बहुधा निसटतो. घरातील भांडी, स्वयंपाक आणि लहान भावंडे सांभाळणे हे काम मुलींच्या वाट्याला अधिक येते आणि ते काम म्हणून मोजलेही जात नाही. मुलगा शेजारच्या दुकानात तासभर काम करून दहा रुपये आणतो, तेव्हा त्याचे कौतुक होते. तेवढ्याच वेळात त्याच्या बहिणीने घरातील कपडे धुतलेले असतात. घरकामाची वाटणी समान असेल तरच बाहेरच्या कमाईची संधी मुलगा व मुलगी दोघांना सारखी मिळते.

खरी कमाई आणि बालमजुरी

जिल्ह्यातील अनेक मुलांना कामाची ओळख शाळेने करून द्यावी लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपाने, असे कामाचे वर्ष असते. त्यांपैकी तेंदूपानांचा हंगाम उन्हाळी सुटीत येतो. इतर कामे शाळेच्या दिवसांत येतात.

मोहफुले रात्री उशिरा व पहाटे गळतात आणि ऊन चढण्याआधी वेचावी लागतात. याच काळात उन्हामुळे सकाळची शाळा असते व वार्षिक परीक्षाही जवळ आलेली असते. त्यामुळे झाडाखालचा वेळ आणि वर्गातला वेळ नेमका एकच ठरतो. वन हक्क कायदा, २००६ ने वनवासी कुटुंबांना गौण वनउपज गोळा करण्याचा अधिकार मान्य केला आहे आणि वाळवलेली फुले विकून मिळणारा पैसा अशा घरांना मोठा आधार असतो. परंतु पहाटेच्या अंधारात जंगलाच्या कडेला जाताना वन्यप्राण्यांचे भयही असते. नागझिरा, कोका आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला या अभयारण्यांच्या परिसरातील गावांसाठी ते केवळ ऐकीव भय नाही.

बिडीचा प्रश्न याहून गंभीर आहे. हा व्यवसाय मोठ्या प्रमाणात घरोघरी चालतो आणि मजुरी हजार बिड्यांमागे ठरते. नगावर मजुरी असली की घरातील प्रत्येक हात उपयोगी पडतो. पाने कापणे, दोरा बांधणे ही कामे मुलांकडे सहज येतात. तंबाखूची धूळ मात्र वयाचा विचार करत नाही. बालकामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम, १९८६ च्या मूळ अनुसूचीतच बिडी बनवण्याचा समावेश होता. तथापि, कुटुंबाच्या साहाय्याने घरी चालणाऱ्या कामाला त्या कायद्यात सूट असल्याने घरातील मूल कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले.

२०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही व्यवसायात कामावर ठेवण्यास मनाई केली. शाळा सुटल्यानंतर किंवा सुटीत कुटुंबाच्या कामात मदत करण्याची मुभा तीत आहे. घातक व्यवसाय व प्रक्रिया मात्र तिच्यातून वगळल्या आहेत. मदत कोठे संपते व मजुरी कोठे सुरू होते हे घराच्या चार भिंतींआड पाहणार कोण, अशी टीका या मुभेवर झाली. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क आहे.

या पार्श्वभूमीवर दोहोंतील भेद पैशाच्या रकमेवर ठरत नाही. मूल काम नाकारू शकते का, त्याचा शाळेचा वेळ अबाधित आहे का, काम सुरक्षित आहे का आणि मिळालेल्या पैशावर त्याचा काही अधिकार आहे का, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर तो ठरतो. पहाटे मोहफुले वेचून आलेल्या मुलाला दुपारी श्रमाचे महत्त्व शिकवण्यात अर्थ नसतो. त्याने वेचलेल्या फुलांचे वजन, दर आणि रक्कम यांचा हिशेब त्याला करता येणे आणि परीक्षेच्या दिवशी त्याला वर्गात बसता येणे अधिक मोलाचे असते.

हिशेब आणि बचत

खरी कमाईतील शैक्षणिक भाग मुख्यतः हिशेबाचा आहे. मुलाने वहीत तारीख, काम, वेळ, जमा, खर्च आणि शिल्लक असे रकाने आखावेत. कमाईचा काही भाग पथकाच्या निधीला, काही सामाजिक कामाला व काही बचतीला, अशी विभागणी करता येते. पूर्वी अनेक शाळांत 'संचयिका' ही विद्यार्थ्यांची बचत योजना चालत असे. तीत पैसे भरण्या-काढण्याचे कामकाज विद्यार्थीच शिक्षकांच्या देखरेखीखाली पाहत. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार दहा वर्षांवरील मुलांना बँकेत स्वतःच्या नावे बचत खाते उघडून ते स्वतः चालवता येते. त्याच्या मर्यादा बँक ठरवते. टपाल कार्यालयातही दहा वर्षांवरील मुलांना बचत खात्याची सोय आहे.

आनंद मेळाव्याचे रूप

अलीकडे अनेक शाळांत खरी कमाई म्हणजे खाद्यपदार्थांचा आनंद मेळावा, असे समीकरण झाले आहे. मुले भेळ, वडे, पोहे किंवा सरबत यांची दुकाने मांडतात. पालक व शिक्षक ग्राहक होतात. खरेदी, दर ठरवणे, सुटे पैसे परत देणे आणि अनोळखी माणसाशी बोलणे यांचा सराव त्यातून होतो. एकाच आवारात, शिक्षकांच्या देखत सर्व व्यवहार होत असल्याने सुरक्षिततेचा प्रश्नही सुटतो.

उणीव राहते ती हिशेबात. समजा, साहित्यासाठी घरून ३२० रुपये आणले आणि ५०० रुपयांची विक्री झाली, तर कमाई १८० रुपयांची होते. मात्र फलकावर बहुधा ५०० हाच आकडा लिहिला जातो. पदार्थ आईने केलेला असेल, तर त्या १८० रुपयांतही तिच्या श्रमाचा वाटा असतो. शिवाय ज्या घरातून ३२० रुपये येऊ शकत नाहीत, ते मूल मेळाव्यात दुकानामागे नव्हे, तर प्रेक्षकांत उभे राहते. शाळेने समान रक्कम भांडवल म्हणून उसनी देणे, विक्रीनंतर ती परत घेणे आणि भांडवल वजा जाता उरलेली रक्कमच कमाई म्हणून लिहिणे, हे यावरील सोपे उपाय आहेत. अशा मेळाव्यातून अठरा रुपयेच उरले तरी, मुलाला स्वतःचा हिशेब सांगता येत असेल, तर ती कमाई खरी ठरते.

हेही पहा

भंडारा जिल्हा
भारत स्काऊट्स आणि गाईड्स
कमवा आणि शिका
नई तालीम
मोह (वृक्ष)
बिडी उद्योग
बालमजुरी