तराण्याला अर्थ विचारतो का?

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रासमोर हमखास ऐकू येणारं वाक्य : ‘यात काय काढलंय तेच ओळखू येत नाही, मग दाद कशाला द्यायची?’ कारण दिलंय, निष्कर्षही दिलाय. दोघांना जोडणारा दुवा मात्र बोलणाऱ्याने मनातच ठेवलाय : ओळखता येतं त्याचाच आस्वाद घेता येतो.

असं लपलेलं गृहीतक पकडायचं तर ते उलटं करून पाहावं. ओळख न पटताही आस्वाद घेता येतो, असं क्षणभर मानलं की वरचा युक्तिवाद जागच्या जागी कोसळतो. म्हणजे तो त्यावरच उभा होता. ‘चित्रकाराने कष्टच घेतले नाहीत’ हा समजही बोलणाऱ्याच्या मनात असेल. पण गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंगांचे थरावर थर चढवत, हे त्याला पटवून दिलं तरी त्याची तक्रार तशीच राहते. तेव्हा तो समज या युक्तिवादाचा आधार नव्हे.

आता ते गृहीतक खरं आहे का? हाच माणूस मैफलीत तराण्याला मान डोलावतो. तोम, तनन, दिरदिर... अर्थ कोण विचारतं? (या बोलांमागे फारसी अर्थ आहेत, असं उस्ताद अमीर खाँ मानत. पण समेवर दाद देणाऱ्यांपैकी कितीजण तो अर्थ धरून बसलेले असतात!) ‘गाण्याचं वेगळं, चित्राचं वेगळं,’ असं तो म्हणेल. म्हणू दे. पण कानाला दिलेली सवलत डोळ्याला का नाही, हे आता त्यालाच सांगावं लागेल. आणि काय काढलंय हे न विचारताच आवडणारी दारातली ठिपक्यांची रांगोळी त्याची वाट अडवेल.

लपलेली गृहीतकं बाळगण्यात गायतोंड्यांचे चाहतेही काही कमी नाहीत. २०१३ साली मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं १९७९चं एक चित्र सुमारे २३ कोटी ७० लाखांना गेलं. ‘एवढी किंमत आली, म्हणजे थोरच असणार!’ इथे गृहीत धरलंय की किंमत गुणवत्ता मोजते. मला हे पहिल्यापेक्षा कच्चं वाटतं. १९७९मध्ये त्याच कॅनव्हासला ही बोली लागली नसती. चित्रकार तर २००१मध्येच गेले. म्हणजे एकही नवा थर न चढता चित्र कोट्यवधींनी सुधारलं म्हणायचं?