रिपोर्ट ज्याचा, गुपित त्याचे

भिवंडीच्या वस्त्यांत घराला घर लागून आहे. एका घरातले बोलणे दुसऱ्या घरात ऐकू जाते. त्यात आता मोबाइलची भर पडली आहे. लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. एकच फोन घरातले चौघे वापरतात. कुणीतरी काळजीपोटी तो रिपोर्ट नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो आणि संध्याकाळपर्यंत तो लूमच्या कारखान्यात पोहोचतो. रिपोर्ट टीबीचा किंवा एचआयव्हीचा असेल, तर माणूस कामाला मुकतो. बदनामीच्या भीतीने काही जण तपासणीच टाळतात, काही जण गोळ्या अर्ध्यावर सोडतात. म्हणून गुप्तता हा आरोग्याचाच प्रश्न आहे, असे आम्ही मानतो.

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयात एका हंगामी कामगाराचा खटला चालला. एचआयव्ही निघाला म्हणून एका सरकारी कंपनीने त्याचे काम बंद केले होते. न्यायालयाने त्याला खरे नाव न सांगता लढू दिले. निकालात त्याचे नाव ‘एमएक्स’ आणि कंपनीचे ‘झेडवाय’ असेच आहे. काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे कामावरून दूर करता येणार नाही, असा निर्णय झाला. नाव झाकले गेले, म्हणूनच तो दाद मागू शकला.

पुढे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार जबाबदारी अशी आहे :

दवाखाना व लॅब : संमतीशिवाय एचआयव्ही तपासणी करता येत नाही. विश्वासाने कळलेली माहिती रुग्णाच्या लेखी संमतीविना दुसऱ्याला सांगता येत नाही. कायद्यातले अपवाद मोजकेच आहेत. नोंदी सुरक्षित ठेवणे हेही त्यांचेच काम.

मालक : एचआयव्हीच्या कारणावरून कामगाराशी भेदभाव करता येत नाही. नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालता येत नाही.

टीबीच्या रुग्णाची नोंद सरकारकडे करणे २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. ती नोंद उपचारासाठी आहे, शेजाऱ्यांसाठी नाही.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा कंपन्या व अ‍ॅपवर माहिती जपण्याची जबाबदारी टाकतो. पण कुणी घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर त्यात येत नाही. म्हणजे घरच्या ग्रुपची राखण आपल्यालाच करायची आहे.

त्यासाठी एवढे करावे. रिपोर्ट शक्यतो हातात घ्यावा. तो मोबाइलवर मागवलाच, तर नंबर स्वतःचा द्यावा आणि फोनला लॉक ठेवावे. मदतीसाठी आवाहन करताना आजाराचे नाव, फोटो, पत्ता टाकू नये. टाकायचाच असेल तर आधी रुग्णाला विचारावे. दुसऱ्याचा रिपोर्ट आपल्याकडे आला, तर तो पुढे न पाठवता पुसून टाकावा. ग्रुपच्या अ‍ॅडमिनने असा मजकूर लगेच काढावा.

घरच्यांनी मात्र एक लक्षात ठेवावे. गुप्तता म्हणजे उपचार लपवणे नव्हे. टीबीच्या रुग्णासोबत राहणाऱ्यांनी स्वतःची तपासणी करून घ्यावी. सरकारी केंद्रात एचआयव्हीची तपासणी व औषधे मोफत आहेत. माहितीसाठी १०९७ हा क्रमांक मोफत आहे.

आजार कुणालाही होऊ शकतो. आज शेजाऱ्याचे गुपित आपण राखले, तर उद्या आपल्या घरातला माणूस न घाबरता दवाखान्याची पायरी चढेल.