वऱ्हाडी चूल : निगा आणि शब्द
अमरावती-अकोल्याच्या कापूसपट्ट्यात चुलीचे नेहमीचे सरपण म्हणजे पऱ्हाट्या व तुराट्या. हे हलके जळण भरकन पेटते आणि वारंवार सारावे लागते. साठलेल्या राखेने खालची हवा कोंडते व धूर वाढतो. तड्यांतून ज्वाळा निसटते. म्हणून पहाटे प्रथम राख काढावयाची, तड्यांत चिकणमाती भरावयाची, मग पोतेऱ्याने सारवावयाचे. ही परिभाषा मुख्यत्वे स्त्रियांच्या मुखी राहिली. ‘चुलीजवळ’चे ‘चुलीजवय’ होते, ते तेथेच ऐकावे. शब्दसंग्राहकाने बैठकीत प्रश्नावली वाचण्यापेक्षा चुलीशी बसणे बरे. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर खेड्यांत गॅस पसरला, तरी चूल सर्वत्र विझलेली नाही. जेथे सारवण थांबते, तेथे ‘पोतेरे’ हा शब्द ‘आयुष्याचे पोतेरे झाले’ अशा लाक्षणिक प्रयोगापुरताच उरतो.