माइक घेताय? आधी घराचा कानोसा घ्या!

मैत्रिणींनो, माइकचा आणि आपला काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होते. पण आमच्या सासूबाईंना शंभरेक ओव्या आणि भूपाळ्या पाठ, आणि त्यातली एकही कुठे लिहून ठेवलेली नाही. वय ७८. गेल्या हिवाळ्यात आजारातून उठल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, दोन ओव्या आठवतच नाहीत बघ." माझ्या काळजात धस्स झालं. त्याच आठवड्यात माइक आणायचं ठरलं.

आणि तिथेच चूक झाली! महाग तो चांगला, या हिशेबाने आम्ही कंडेन्सर माइक आणला. सासूबाईंचा आवाज सुरेख उतरला; पण त्याच्याबरोबर पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आणि भंगारवाल्याची आरोळीसुद्धा! माइक वाईट नव्हता, आमचं रस्त्यावरचं घर त्याच्या जोगतं नव्हतं.

मग नीट माहिती काढली. माइकच्या मुख्य जाती दोन. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं असतं आणि ते लोहचुंबकाजवळ हलतं. हा दणकट, वेगळी वीज न मागणारा. तोंडाजवळ धरला की लांबचे आवाज फारसे येत नाहीत. शुअर कंपनीचा १९६६ सालचा एसएम ५८ याच जातीचा. गायकांच्या हातात तुम्ही तो पाहिलाच असेल. त्याचा भाऊ एसएम ५७ वाद्यांसाठी फार वापरतात. कंडेन्सरचा पडदा अगदी पातळ. त्याला बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. तंबोऱ्याची जवार, सतारीची मींड तो बारकाईने टिपतो. म्हणून स्टुडिओत त्याला मान. पण तिथे शांतता असते, हे विसरू नका!

घेताना आणि वापरताना एवढं पाहा :

१. खोली शांत असेल तर कंडेन्सर, वर्दळीची असेल तर डायनॅमिक.

२. 'कार्डिऑइड' माइक समोरचं ऐकतो, पाठीमागचं कमी. त्याची पाठ खिडकीकडे करा.

३. यूएसबी माइक थेट संगणकाला लागतो. इतरांना मध्ये 'ऑडिओ इंटरफेस' लागतो. गाणं आणि तबला वेगवेगळा घ्यायचा तर दोन माइक जोडता येतील असाच घ्या.

४. डायनॅमिक तोंडापासून चार बोटांवर, कंडेन्सर वीतभर अंतरावर. फार जवळ गेलात तर आवाज घोगरा, जड होतो.

५. 'प', 'फ', 'भ' म्हणताना फुंकर बसते. भरतकामाच्या रिंगणावर जुना नायलॉनचा पायमोजा ताणून माइकपुढे धरा.

६. पेटीला माइक हातभर लांब. भात्याजवळ ठेवलात तर गाण्याऐवजी करकर ऐकू येईल.

७. भिंतींवर आवाज घुमतो. गोधड्या टांगा. आमचं रेकॉर्डिंग कपड्यांच्या कपाटाची दारं उघडून त्यापुढे चालतं!

शेवटी आम्ही साधा डायनॅमिक घेतला. पंखा बंद, कुकर उतरवलेला, दुपारी तीनची वेळ. आतापर्यंत चाळीस ओव्या झाल्या. हरवलेल्या दोनांपैकी एक गाता गाता आपोआप ओठांवर आली. दुसरी अजून नाही.

म्हणून सांगते, माइक सावकाश निवडा. पण घरात असं कुणी गाणारं असेल तर तोवर थांबू नका. आज दुपारीच मोबाइल समोर ठेवा आणि म्हणा, "आई, एक म्हणा ना!"