चुन्याचे पाणी आणि रविवारची न्याहारी

तारनाक्यातील आमच्या घरी सहा दिवस न्याहारीवर घड्याळाचे राज्य असते. शाळेची घंटा कोणासाठी थांबत नाही. रविवारी मात्र मिस्सा आटोपून परतले, की हाताशी निवांत वेळ असतो. अशा दिवशी मेक्सिकोतील न्याहारी घरी करून पाहावी, असे मी सुचवतो. मक्याच्या गरम तोर्तिया, त्यांवर तळलेले अंडे, वर टोमॅटो-मिरचीची चटणी आणि शेजारी घोटलेला राजमा, एवढाच तिचा थाट. मका, मिरची, टोमॅटो, राजमा ही सारी मंडळी मूळची अमेरिका खंडातील. आपल्या स्वयंपाकघरात ती केव्हाच रुळली. पण मक्याबरोबर यायला हवी होती अशी एक रीत तिकडेच राहिली.

ती रीत शनिवारी रात्रीच सुरू होते. अर्धा किलो वाळलेले मक्याचे दाणे धुऊन घ्यावेत. दीड लिटर पाण्यात चहाचा सपाट चमचाभर खायचा चुना कालवावा. भांडे स्टीलचे असावे, ॲल्युमिनियमचे नको. आणि चुना डोळ्यांत जाऊ नये म्हणून जपावे. दाणे त्या पाण्यात अर्धा तास मंद आचेवर उकळून रात्रभर झाकून ठेवावेत. राजमाही वेगळ्या पाण्यात भिजत घालावा.

सकाळी दाण्यांची साले हाताने सुटतात. तीन-चार पाण्यांत चोळून धुवावे आणि दाणे बारीक वाटावेत. नुसत्या मक्याच्या पिठाची भाकरी थापताना कडा फाटतात; हा गोळा मात्र लोण्यासारखा एकजीव होतो. लहान, पातळ तोर्तिया थापून तव्यावर भाजाव्यात. टोमॅटो, हिरव्या मिरच्या व लसूण तव्यावर डाग पडेपर्यंत भाजून मीठ घालून वाटावे. शिजलेला राजमा तेलात कांद्यावर परतून घोटावा. तोर्तिया उरल्या, तर त्यांचे तुकडे त्याच चटणीत शिजवतात. आपल्या फोडणीच्या भाकरीची ही दूरची बहीणच.

आता कोणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठी? मक्यात नायसिन नावाचे जीवनसत्त्व असते. पण ते बांधलेल्या स्थितीत असल्यामुळे शरीराला फारसे लाभत नाही. चुन्याचे पाणी ते मोकळे करते. मेक्सिकोतील स्त्रियांना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, रीत ठाऊक होती. युरोपने मका उचलला, रीत मागे ठेवली. ज्या गरिबांच्या पानात मक्यावाचून फारसे काही नव्हते, त्यांना पेलाग्रा जडला. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून खरबरीत होते, जुलाब लागतात आणि पुढे बुद्धीही भ्रमते, असा हा रोग. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने अठराव्या शतकात त्याचे वर्णन केले. त्यावर नायसिनचा उपाय हाती यायला १९३७ साल उजाडावे लागले.

हा रोग आपल्यापासून दूर होता असे समजू नये. १९१८ मध्ये कुन्नूर येथे सुरू झालेली पोषण-संशोधनाची प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादेस आली. तीच आज तारनाक्यातील राष्ट्रीय पोषण संस्था. दख्खनमधील ज्वारी खाणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा आढळतो, याचा शोध तेथील डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी घेतला. ज्वारीतील ल्यूसीन या अमिनो आम्लाच्या आधिक्याकडे त्यांनी १९६० मध्ये बोट दाखवले. या कारणमीमांसेवर पुढे मतभेद झाले. परंतु एकाच धान्यावर दिवस काढावे लागणे हे संकटाचे मूळ, याविषयी दुमत नाही.

म्हणून भाकरीला भिण्याचे कारण नाही. तिच्याबरोबर डाळ, शेंगदाण्याची चटणी, दूध किंवा अंडे असावे, म्हणजे झाले. मेक्सिकोच्या पानातील राजमा व अंडे हेच काम करतात.

परक्या देशाचे धान्य घ्यावे, तेव्हा ते शिजवणाऱ्या हातांची रीतही विचारून घ्यावी. ज्याला आपण वेळखाऊपणा म्हणतो, त्यात कधी कधी पिढ्यांचे आरोग्य साठवलेले असते. येत्या शनिवारी निजण्यापूर्वी मूठभर मका चुन्याच्या पाण्यात शिजवून ठेवून पाहा. रात्र आपले काम करील. रविवारी सकाळी आपण फक्त तवा तापवायचा.