न झालेल्या लग्नांचा हिशेब

नागपूर शहरातील मंगल कार्यालये आणि लॉन पुन्हा गजबजू लागली आहेत, वरातींनी रस्ते पुन्हा अडू लागले आहेत, आणि कोरोनाच्या काळात लग्ने कशी उरकली याच्या गोष्टी आता पंगतीत हसत हसत सांगितल्या जातात. परंतु त्या काळाचा एक हिशेब अपुराच राहिला आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली ती ऐन लग्नसराईच्या तोंडावर. 26 एप्रिलची अक्षय्य तृतीया बंद दारांआड गेली. पुढे पन्नास माणसांची मुभा मिळाली. 2021 च्या फेब्रुवारीत तर येथील मंगल कार्यालये 25 तारखेपासून 7 मार्चपर्यंत बंद राहतील, असे अवघे तीन दिवस आधी जाहीर झाले. एप्रिलमध्ये राज्य सरकारने पंचवीस माणसे व दोन तास अशी मर्यादा घातली आणि ती मोडणाऱ्यास 50 हजार रुपये दंड ठेवला. हे निर्बंध अन्यायाचे होते असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. त्या एप्रिलात या शहराने खाटांसाठी व प्राणवायूसाठी जी वणवण पाहिली, तिच्यापुढे मोडलेल्या पंगतीचे दुःख कोण सांगेल? आमचे म्हणणे एवढेच की, माणसे मोजणाऱ्या सरकारने न झालेल्या लग्नाचा भुर्दंड कोणी सोसावा, हे सांगितले नाही.

वधूपित्याने कार्यालयाला विसार दिलेला असतो. त्यातला काही भाग बिछायत केंद्राकडे, काही आचाऱ्याकडे आधीच गेलेला असतो. 1872 च्या करार कायद्याचे 56 वे कलम म्हणते की, पार पाडणे अशक्य झालेला करार रद्द होतो. आणि 65 वे कलम म्हणते की, अशा कराराखाली ज्याने लाभ घेतला त्याने तो परत करावा. पण पावतीवर ‘विसार परत मिळणार नाही’ एवढी एकच ओळ असली, तर कायद्याची ही कलमे कोणाला आठवतात? धाकट्या मुलीचे लग्न पुढे ज्याच्या दारात करावयाचे, त्याच्यावर फिर्याद कोण लावील? म्हणून बहुतेकांनी तारीख पुढे ढकलून घेतली, आणि दुसरी तारीखही बुडाली तेव्हा कपाळाला हात लावला. ज्या घरातील वडीलच साथीत गेले, तेथे ‘वर्षाच्या आत, नाही तर तीन वर्षांनी’ ही रूढी आडवी आली. एकीकडे सुतक, दुसरीकडे बंदी, आणि मध्ये ठरलेली ती दोन मुले!

तरीही ज्याने विसार दिला वा घेतला, त्याच्या हाती निदान पावती तरी होती. वाढपी, वाजंत्री, घोडीवाला, रोषणाईचे दिवे डोक्यावर घेऊन वरातीपुढे चालणारी बाई यांच्या हाती काय होते? 13 एप्रिल 2021 रोजी राज्याने मदत जाहीर केली, तेव्हा नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरेलू कामगार, फेरीवाले आणि रिक्षाचालक यांना प्रत्येकी 1,500 रुपये मिळावयाचे होते. रक्कम थोडी खरी, पण त्या यादीत लग्नाच्या मांडवात राबणाऱ्याला स्वतंत्र स्थानच नव्हते. कारण तो कोणत्याच वहीत नव्हता.

या आपत्तीमुळे लग्ने साधी झाली, असे म्हणून त्या दिवसांत अनेकांनी समाधान मानले. आम्हांस ते पटले नाही. साधेपणाचा धडा घेण्यास नागपूरला साथीची गरज नव्हती. 1956 मध्ये दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाल्यानंतर येथील हजारो घरांनी साधा विवाहविधी आपल्या विचाराने पत्करला आहे. दंडाच्या भीतीने आलेला साधेपणा दंड उठताच गेला, यात नवल ते काय?

महानगरपालिकेने आपल्या समाजभवनांपासून आरंभ करावा. सरकारी आदेशाने कार्य रद्द झाल्यास विसारातील किती भाग, किती दिवसांत परत मिळेल, हे पावतीवरच छापावे, आणि खासगी कार्यालयांकडूनही तेच मागावे. तसेच, असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी ऑगस्ट 2021 पासून सुरू आहे; आपल्याकडे राबणाऱ्या प्रत्येक माणसाचे नाव तेथे चढले आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी बिछायत केंद्रांच्या व कॅटररच्या मालकांवर टाकावी. हे काम पुढील तुळशीविवाहापूर्वी होण्यासारखे आहे.