शिक्षणखर्चाची वाटणी

मुलांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च कोणी किती सोसावा, हा विषय आपल्या घरांत उघडपणे क्वचितच निघतो. बंगळूर शहरात १८९२ साली वसलेल्या चामराजपेटेतील एखादे मराठी घर घ्या, नाहीतर पुण्यातील घ्या. ‘तू शीक, पैशाचे मी पाहतो,’ असे वडील म्हणतात आणि बोलणे तेथेच खुंटते. या उत्तरात माया आहे, हिशेब मात्र नाही.

पूर्वी हा भार एकट्या बापाच्या शिरावर नसे. गरीब विद्यार्थी वार लावून रोज एकेका घरी जेवत. कानडी मुलुखात या रीतीला वारान्न म्हणत. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे पितृछत्र लहानपणीच हरपले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असता ते शिकवण्या करून आपला खर्च भागवीत. १८८१ साली ते बी. ए. झाले आणि पुढे म्हैसूर सरकारच्या साहाय्याने पुण्यास स्थापत्यशास्त्र शिकले. खर्चाचा काही वाटा सरकारने उचलला, काही स्वतः विद्यार्थ्याने.

आज त्या वाराच्या घरांची जागा बँकेने घेतली आहे. शैक्षणिक कर्जाच्या कागदावर विद्यार्थ्याबरोबर सामान्यतः पालकांचीही सही असते. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभर हप्ते मागितले जात नाहीत. व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून चढते. समजा, चार वर्षे दर वर्षारंभी एक लाख रुपये उचलले आणि सरळव्याजाचा दर शेकडा १० आहे. पाचव्या वर्षाअखेर नुसते व्याजच १,४०,००० रुपये होते. ते वडिलांनी वेळच्या वेळी भरले, तर पहिल्या वर्षी त्यांना १०,००० रुपये पडतात, चौथ्या व पाचव्या वर्षी प्रत्येकी ४०,०००. मग कमावत्या झालेल्या मुलाकडे चार लाखांचे मुद्दल आणि त्यावरील पुढचे व्याज एवढेच राहते.

वडिलांनी फीपायी भविष्यनिर्वाह निधी रिता केला, तर त्यांच्या वार्धक्याचा भार फिरून त्याच मुलावर येतो. सारे कर्ज मुलावर सोडले, तर पहिल्या पगारापासूनच त्याचे हात बांधले जातात. आणि लग्नासाठी पैसे राखून मुलीच्या फीला हात आखडला, तर तिची कमाईची वाटच अडते.

यासाठी प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी आईवडील व मुले यांनी एकत्र बसून आकडे कागदावर मांडावेत. आपल्याला किती झेपेल हे सांगण्यात वडिलांना कमीपणा नाही. ते विचारण्यात मुलांचा उद्धटपणाही नाही.